वजन उतरवायचे कुठून?

ड्रॅग रेसिंग हा खेळ सांगायला सोपा आहे. सरळ रस्ता, शेजारी शेजारी उभ्या दोन गाड्या, थांबलेल्या अवस्थेतून सुटायचे आणि पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची, रेघ जो आधी ओलांडेल तो जिंकला. वळण नाही, मागून येऊन गाठण्याची उसंत नाही. त्यामुळे या खेळातले शहाणपणही आटोपशीर वाक्यांत मावते. त्यातले सगळ्यांत प्रसिद्ध वाक्य म्हणजे गाडीचे १०० पौंड उतरवा, सेकंदाचा दहावा हिस्सा वाचेल. हिशेबाला ते उतरते. रॉजर हंटिंग्टन या अमेरिकन मोटार-लेखकाने शर्यतींच्या नोंदी तपासून दाखवले होते, की पाव मैलातली कामगिरी वजन आणि अश्वशक्ती यांच्या गुणोत्तराच्या घनमुळाशी बांधलेली असते. १९७३ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये फॉक्स नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने त्यामागचे गणितही मांडले. समजा, ३५०० पौंडांची गाडी पाव मैलाला १२ सेकंद घेते. तिचे १०० पौंड कमी केले तर या घनमुळाने सुमारे ०.११ सेकंद वाचतो. म्हणजे गॅरेजमधले वाक्य आणि विद्यापीठातले गणित यांचे जमते. तरीही १९५० ते १९७२ या काळातल्या अमेरिकन ड्रॅग रेसिंगचा इतिहास बघितला तर हे वाक्य अर्धेच आहे असे म्हणावे लागते. किती वजन काढले याने शर्यती जिंकल्या गेल्या त्यापेक्षा ते कुठून काढले, आणि काढता येत नव्हते ते कुठे नेऊन ठेवले, याने अधिक जिंकल्या गेल्या.

याचे कारण टायरमध्ये आहे. गाडी सुटते तेव्हा पहिले काही क्षण इंजिनाची ताकद पुरून उरते, अपुरी पडते ती मागच्या टायरांची पकड. ही पकड मागच्या चाकांवर जेवढे वजन पडते तेवढीच मिळते. सगळ्या गाडीचे वजन सारख्या प्रमाणात घटवले तर ढकलायचे ओझे कमी होते आणि पकडही त्याच प्रमाणात कमी होते, म्हणजे सुटतानाचा पिकअप आहे तिथेच राहतो. फायदा व्हायचा तर मागच्या चाकांचा वाटा वाढला पाहिजे. वरच्याच ३५०० पौंडांच्या गाडीत ४५ टक्के, म्हणजे १५७५ पौंड, मागे आहेत असे धरू. तिच्या नाकातून ३०० पौंड उतरवले की मागचा वाटा ४९ टक्क्यांवर जातो. उरलेल्यापैकी आणखी १०० पौंड पुढून उचलून डिकीत टाकले तर तो ५२ टक्क्यांच्या वर जातो, आणि या दुसऱ्या फेरफारात एक पौंडही उतरवलेला नसतो. बैलगाडीत पोती रचणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. माल पुढे सरकला की गाडी धुरजड होऊन बैलांच्या मानेवर भार येतो, फार मागे गेला की ती उलाळते. फरक एवढाच, की ड्रॅग रेसरला गाडी उलाळायच्या जवळपास न्यायची असते. सुटताना मिळालेली आघाडी पुढच्या सगळ्या पाव मैलभर टिकते, म्हणून या पहिल्या काही फुटांची किंमत एवढी मोठी.

ही समज सुरुवातीपासून नव्हती, कारण सुरुवातीला तिची गरजही नव्हती. या खेळाचे मूळ कॅलिफोर्नियातल्या म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रांत आहे. १९३७ साली तिथल्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. फोर्डच्या जुन्या मॉडेल टी आणि मॉडेल ए गाड्या भंगाराच्या भावात मिळत. पोरे त्यांची मडगार्डे, बंपर, काच, दिवे, पायऱ्या काढून टाकत आणि मैदान मारत. हलकेपणा फुकट होता, पाना हातात असला की झाले. पण तळ्यावरची स्पर्धा लांब पल्ल्याची आणि कमाल वेगाची होती. कमाल वेगाला अडवते ती मुख्यतः हवा, वजन नव्हे. मडगार्ड काढल्याचा तिथे खरा फायदा हवेला आडवे येणारे पत्रे कमी झाल्याचा होता. वजन हा शत्रू ठरला तो शर्यत आखूड झाल्यावर. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने सोडलेल्या आणि कमी वापराच्या धावपट्ट्या हाताशी आल्या. १९५० साली सी. जे. हार्ट आणि त्याच्या साथीदारांनी सांता आनाच्या विमानतळावर पैसे घेऊन नियमित ड्रॅग शर्यती सुरू केल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्सने नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एनएचआरए, स्थापन केली. १९५५ सालची तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धाही कॅन्सस राज्यातल्या ग्रेट बेंडच्या युद्धकालीन विमानतळावरच झाली. (आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीत झालेल्या ड्रॅग शर्यतींनाही धावपट्टीच लागली. एवढा सरळ, सपाट आणि रिकामा डांबरी तुकडा विमानांशिवाय दुसऱ्या कुणासाठी सहसा बांधला जात नाही.)

सांता आनाच्या धावपट्टीवर डिक क्राफ्टने जे केले ते वजन उतरवण्याच्या विचाराचे टोक होते. मॉडेल टीच्या चासीवर त्याने फक्त इंजिन, चाके आणि बसायची जागा ठेवली, बॉडी म्हणून काही उरलेच नाही. ‘द बग’ या नावाने ओळखला जाणारा हा सांगाडा ताशी १०० मैलांच्या वेगापुढे गेला, आणि चासीच्या उघड्या दांड्यांवरून अशा गाड्यांना ‘रेल’ म्हणू लागले. यापुढे काढायला काही शिल्लक नव्हते. पुढची सुधारणा त्यामुळे वेगळ्या दिशेने आली. १९५४ साली मिकी थॉम्पसनने ड्रायव्हरची जागाच हलवली, त्याला मागच्या ॲक्सलच्याही मागे बसवले. गाडीतला जो एक भार कधीच काढता येत नाही, त्या माणसाला त्याने मागच्या चाकांवरचे वजन करून टाकले. गलोलीत दगड ठेवावा तसा ड्रायव्हर मागे बसलेला दिसे, म्हणून या आराखड्याला ‘स्लिंगशॉट’ नाव पडले, आणि पुढची पंधराएक वर्षे वेगवान ड्रॅगस्टर याच घडणीचे राहिले. ड्रायव्हरच्या मांड्यांमध्ये गिअरचा डबा आणि तोंडासमोर इंजिन, ही सोय जिवाशी खेळणारी होती. १९७० साली लाँग बीचच्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर डॉन गार्लिट्सचा ट्रान्समिशन फुटून पायाचा काही भाग गेला आणि १९७१ मध्ये तो इंजिन पाठीमागे घातलेली गाडी घेऊन परतला, तेव्हा कुठे स्लिंगशॉटचे दिवस संपत आले. तोवर जाणत्या लोकांनी हा धोका पत्करला तो मागच्या टायरवरच्या त्या काही पौंडांसाठी.

वजनाची जागा महत्त्वाची हे ज्यांनी कागदावर मांडून पाहिले, त्यांनी तर उलटेच पाऊल टाकले. क्रायस्लरमधल्या तरुण इंजिनिअरांनी ‘रॅमचार्जर्स’ नावाचा क्लब काढला आणि १९४९ सालची एक प्लिमथ घेऊन तिची बॉडी खाली बसवण्याऐवजी वर उचलली. गाडी वेग घेते तेव्हा भार पुढून मागे ढळतो. किती ढळतो हे गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांत अंतर किती आहे यावर ठरते. गुरुत्वमध्य उंच, अंतर कमी, तर ढळणारा भार जास्त. रस्त्यावरच्या शर्यतीत जो दोष, तो इथे गुण. ‘हाय अँड माइटी’ नावाची ही उंटासारखी गाडी दिसायला हास्यास्पद होती, आणि तिच्या बांधणीमागचे तर्कशास्त्र अगदी निर्दोष होते. एनएचआरएच्या ‘गॅस’ वर्गातल्या जुन्या विलिस कूपे आणि अँग्लिया गाड्याही नाक वर करून उभ्या राहत त्या याच कारणाने. मुळात हलकी, आखूड गाडी घ्यायची आणि तिचा भार मागे ढळू द्यायचा. या वर्गाच्या नियमांतही शहाणपण होते. वर्गवारी गाडीच्या वजनाला इंजिनाच्या घनइंचांनी भागून व्हायची. त्यामुळे गाडी फार हलकी झाली तर ती वरच्या, अधिक अवघड वर्गात जाऊन पडे, आणि मालक वर्गाच्या बरोबर खालच्या सीमेवर यायला वजन चढवतही असे. चढवलेले वजन कुठे जाई हे वेगळे सांगायला नको. इंजिन किती मागे सरकवता येईल यावरही मर्यादा घालाव्या लागल्या. नियम करणाऱ्यांना खरी चोरी कुठे होते हे ठाऊक होते याचा हा पुरावा.

१९६२-६३ मध्ये डेट्रॉइटच्या कंपन्यांनी हे काम अंगावर घेतले आणि फुकटचा हलकेपणा महाग झाला. १९६३ सालची पाँटिॲक कॅटलिना या काळाची सगळ्यांत लाडकी आठवण आहे. पाँटिॲकच्या लोकांनी चासीची आतली भिंत काढून तिला सव्वाशेच्या आसपास मोठी भोके पाडली. गाडीला ‘स्विस चीज’ हे नाव त्यावरून मिळाले. अशा जेमतेम १४ गाड्या झाल्या. भोके फोटोत छान दिसतात, म्हणून गोष्ट त्यांचीच सांगितली जाते. पण ती चासीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होती, म्हणजे वजन पुढून आणि मागून दोन्हीकडून गेले. अधिक कामाचा बदल साधा दिसणारा होता. बॉनेट, पुढची मडगार्डे आणि बंपर ॲल्युमिनियमचे, म्हणजे काढलेले बहुतेक वजन नाकातले. इंजिनाचे एक्झॉस्ट मॅनिफोल्डही ॲल्युमिनियमचे ओतले होते. जास्त वेळ इंजिन ताणले तर ते वितळत. पाव मैल तेवढ्यात संपतो, हा त्यांचा एकमेव बचाव. शेव्हर्लेने त्याच वर्षी झेड-११ या नावाने इम्पाला अशाच ॲल्युमिनियमच्या पुढच्या पत्र्यांनी हलकी केली, ५७ गाड्या बांधल्या. जानेवारी १९६३ मध्ये या दोन्हींची मालक असलेल्या जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी शर्यतींतून अंग काढून घ्यायचा हुकूम सोडला आणि दोन्ही प्रयोग तिथेच थांबले.

फोर्डचा धडा यापेक्षा नेटका होता. त्यांची हलकी केलेली गॅलॅक्सीही जडच राहिली, कारण मुळातच ती मोठी गाडी होती. मग १९६४ साठी त्यांनी मध्यम आकाराची फेअरलेन घेतली आणि तिच्यात ४२७ घनइंचांचे इंजिन कोंबले. हीच थंडरबोल्ट. सुमारे १०० बांधल्या गेल्या. तिच्यातून काय गेले याची यादी वाचण्यासारखी आहे. रेडिओ नाही, हीटर नाही, गालिचा नाही, आवाज रोखणारे अस्तर नाही, हाताला टेकण नाही, उन्हासाठी झडप नाही, जॅक नाही, शेजारच्या सीटपुढचा वायपरसुद्धा नाही. बॉनेट आणि मडगार्डे फायबरग्लासची, खिडक्या प्लेक्सिग्लासच्या, सीट व्हॅनमधून उचललेल्या हलक्या. पुढच्या चार दिव्यांपैकी आतले दोन काढून तिथे जाळी बसवली आणि त्या वाटेने थंड हवा कार्ब्युरेटरकडे नेली. पत्र्यांची सांधेजोड आणि दिसणे नेहमीच्या दर्जाचे नाही, कारण गाडी स्पर्धेसाठी हलकी केली आहे, अशा अर्थाची कबुली कंपनीने पट्टीवर छापून गाडीतच लावली. स्वतःच्या मालाबद्दल एवढे खरे लिहिणारी कंपनी विरळा. आता बॅटरी बघा. एवढा जीव टाकून पौंड-पौंड वाचवणाऱ्या या गाडीत बसला शोभेल अशी सुमारे ९५ पौंडांची बॅटरी होती, आणि ती डिकीत उजव्या कोपऱ्यात बसवली होती. उजव्याच का? फिरणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा पीळ मागच्या ॲक्सलला असा वळवतो की उजवे चाक उचलले जाते आणि आधी तेच घसरते. जड बॅटरी नेमकी त्या चाकावर दाबून बसत होती. सुपर स्टॉक वर्गात गाडी ३२०० पौंडांपेक्षा हलकी चालत नसे. त्या आकड्यापर्यंत नाक सोलत यायचे आणि मग उरलेले वजन हवे तिथे ठेवायचे, असा हा सगळा बेत होता. त्या हंगामात गॅस राँडा या ड्रायव्हरने थंडरबोल्टवरच एनएचआरएचे विजेतेपद घेतले.

क्रायस्लरने १९६५ मध्ये हाच विचार कसलाही आडपडदा न ठेवता अमलात आणला. डॉज आणि प्लिमथच्या डझनभर गाड्यांच्या बॉडी आम्लाच्या हौदात बुडवून पत्रा पातळ केला, ही झाली उतरवण्याची बाजू. हलवण्याची बाजू याहून धीट होती. मागचा ॲक्सल १५ इंच पुढे आणि पुढचा १० इंच पुढे सरकवला. चाके पुढे गेली म्हणजे गाडी चाकांच्या हिशेबाने मागे गेली, आणि निम्म्याहून अधिक भार मागच्या टायरांवर आला. गाड्या ओळखीच्या असूनही चाके भलत्याच ठिकाणी, त्यामुळे बघणाऱ्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटे. ‘फनी कार’ हे नाव त्यातून आले. एनएचआरएने या गाड्या स्टॉक-सदृश वर्गात घ्यायला नकार दिला. प्रतिस्पर्धी संघटना एएचआरएने घेतल्या, प्रेक्षकांनी डोक्यावर घेतल्या. मर्क्युरीच्या कॉमेटने १९६६ मध्ये नळ्यांच्या चासीवर उचलून उघडता येणारी फायबरग्लासची अखंड बॉडी बसवली, डॉन निकोल्सनने तिच्यावर शर्यतींमागून शर्यती मारल्या, आणि मूळ गाडीचा उरलासुरला संबंधही संपला.

इथे रास्त आक्षेप असा, की हे सगळे मुळात ताकदीच्या जोरावर जिंकले गेले. क्रायस्लरचे ४२६ हेमी, फोर्डचे ४२७ ही राक्षसी इंजिने नसती तर बॅटरी कुठेही ठेवून काय झाले असते? घनमुळाच्या सूत्रात वजन आणि ताकद यांचे वजन सारखेच, मग ताकद वाढवणे सोपे असताना पत्रे का पातळ करायचे? आक्षेप अर्धा मान्य आहे. पाव मैलाच्या उत्तरार्धात, टायर पकडून घेतल्यावर, इंजिनच बोलते. पण पूर्वार्धात ताकद वाढवली की टायर अधिक घसरतात. मार्विन आणि हॅरी रिफकिन यांच्या एम अँड एच कंपनीने खास ड्रॅगसाठी रुंद, गुळगुळीत टायर बनवायला घेतले ते याच अडचणीपायी, आणि टायर सुधारल्यावरही अडचण फक्त पुढे सरकली. शिवाय मोठे इंजिन पुढेच बसते, म्हणजे ताकदीबरोबर नाकातले वजनही वाढते. १९६९ च्या शेव्हर्ले कॅमारो झेडएल-१ ने यावर महागडे उत्तर दिले. ४२७ इंजिनाचा ब्लॉकच ॲल्युमिनियमचा ओतला, त्यामुळे अवाढव्य इंजिनाचे वजन छोट्या इंजिनाएवढे राहिले. नुसत्या या इंजिनासाठी ४,१६० डॉलर जास्तीचे पडत आणि गाडीची किंमत दुपटीवर जाई. तयार झाल्या ६९. ताकदच पुरेशी असती तर लोखंडी ब्लॉकचे, तेवढ्याच घनइंचांचे इंजिन शेव्हर्लेकडे आधीपासून होतेच.

दुसरा आक्षेप स्पोर्ट्स कारचा. हलकेपणाचा मान असेल तर या इतिहासात शेल्बी कोब्रा आणि कॉर्व्हेट पुढे का नाहीत? कॉर्व्हेटची बॉडी १९५३ पासूनच फायबरग्लासची. कोब्रा सुमारे २१०० पौंडांची, थंडरबोल्टच्या दोनतृतीयांश, आणि शेल्बीने ‘ड्रॅगनस्नेक’ नावाने तिची ड्रॅगसाठी खास आवृत्तीही विकली. या गाड्या आपापल्या वर्गांत जिंकल्याही. पण खेळाला वळण लावले ते बोजड फेअरलेन आणि प्लिमथने. स्पोर्ट्स कार वळणांसाठी बांधलेली असते. तिचा गुरुत्वमध्य खाली, भार पुढे-मागे जवळपास समान, सस्पेन्शन ताठ, म्हणजे सुटताना मागे ढळणारा भार कमी. तिचा हलकेपणा सगळीकडे सारखा पसरलेला असतो, आणि तसा हलकेपणा सुटताना कामाला येत नाही हे सुरुवातीच्या गणितात आलेच आहे. हे पटत नसेल त्याने फ्लायव्हील बघावे. रस्त्यावरच्या शर्यतीत ते हलके करतात, कारण फिरणाऱ्या वस्तूचे वजन दुहेरी नडते. हाताने गिअर बदलणारे बरेच ड्रॅग रेसर मात्र मुद्दाम जड फ्लायव्हील घालत, क्लच सोडताच त्यात साठलेला जोर चाकांना मिळावा म्हणून.

डॉजची १९६८ ची हेमी डार्ट ही कंपन्यांच्या या उद्योगाच्या अखेरच्या मोठ्या निर्मितींपैकी एक. हर्स्ट कंपनीकडून बांधून घेतलेल्या या गाड्यांत खिडकीची काच पातळ, ती वरखाली करायला हँडलऐवजी पट्टा, मागची सीट नाही, बॅटरी डिकीत, आणि रंगही न देता प्रायमरवरच सुपूर्द. सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यासाठी नाही, अशी सूचना गाडीवरच होती. त्यानंतर प्रश्न कारखान्यातून नियमपुस्तकात गेला. १९७० मध्ये प्रो स्टॉक वर्ग सुरू झाला तेव्हा प्रत्येक घनइंचामागे किमान ७ पौंड वजन हवे असा नियम होता. १९७२ साठी लहान ब्लॉकचे इंजिन असलेल्या छोट्या गाड्यांना ती अट ६.७५ पौंडांवर आणली गेली. बिल जेन्किन्सने तो फरक वाचला, शेव्हर्ले व्हेगासारख्या किरकोळ गाडीत ३३१ घनइंचांचे इंजिन घातले आणि सुमारे २२३४ पौंडांत नियमाला उतरला. इंजिन लहान, म्हणून नाकावर ओझे कमी, गाडी आखूड, म्हणून भार लवकर मागे ढळणारा. हेमीवाल्यांची ताकद त्याच्याहून बरीच जास्त होती, तरी त्या वर्षीच्या आठ राष्ट्रीय स्पर्धांपैकी सहा त्याने घेतल्या. पुढची कित्येक वर्षे एनएचआरए इंजिनागणिक हे पौंड वरखाली करत राहिली. गाड्यांची नाके तोवर इतकी हलकी झाली होती, की सुटताना पुढची चाके हवेत जाऊन ड्रायव्हरच्या हाती स्टिअरिंग नावापुरते उरे. त्यावर उपाय म्हणून गाडीच्या मागे छोट्या चाकांचे दांडे लावले गेले, आणि काही संघांनी पुढच्या ॲक्सलजवळ शिशाच्या विटा बोल्टने आवळल्या.